पुढच्या बर्थवरचं वजन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा भरोसा नव्हता. तुमच्या या पानावरचे अनुभव बायको मला वाचून दाखवते. मी चौथीत तीन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी मास्तर रिटायर झाले, त्यांच्याबरोबर मी पण झालो. त्यामुळे वाचायचं काम तिचं आणि हसायचं माझं. कोणाला झाडावर बाई दिसली, कोणाला विहिरीतून हाक आली... मी म्हणायचो (आमच्याकडे भावाला, बायकोला, सगळ्यांनाच भिया म्हणतात), "भिया, याने जेवणात काय खाल्लं होतं ते विचार आधी."

आता माझी पाळी आली. मोबाईलमधे बोलून लिहितोय, जिथे चूक दिसेल ती मोबाईलची समजा. आणि हसायचं तर खुशाल हसा.

मी देवासचा, टेकडीच्या पायथ्याशी राहतो. टेंट हाऊसचा माल पोचवतो — खुर्च्या, गाद्या, कढया. नाव बाबू. ऑफिसातला बाबू नाही, घरातला. आमचे पणजोबा देवासच्या महाराजांच्या पागेत होते. घरी सांगतात 'पागा सांभाळायचे'. मला वाटतं चारा घालायचे. पण त्यांच्यापायी आमच्यात अजून आईला आईसाहेब म्हणतात, अहो-जाहो करतात. छप्पर गळतंय, खाली बादली लावलीये, आणि मी म्हणतोय, "आईसाहेब, आपण जरा बादलीच्या अलीकडे सरकता का?"

आईसाहेबांना एकच धाकटी बहीण, कुक्षीला. मूलबाळ नाही, यजमान तहसीलीत होते, ते गेले. या दोघींना भाऊ नाही. आणि आमच्यात रीत अशी, की लग्न झालेली मुलगी दिवाळीला आपली आपण उठून माहेरी येत नाही. माहेरचा माणूस न्यायला जातो. बाप नाहीतर भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. यांचे वडील वारले तेव्हा प्रश्न पडला, मावशीला न्यायला जाणार कोण? आईसाहेब म्हणाल्या, मी जाते. लोक हसले, बाईमाणूस कुठे मुराळी असतं का. आईसाहेब गेल्या.

दर वर्षी जायच्या. त्यांना डिझेलचा वास बिल्कुल सहन व्हायचा नाही. देवासपासून कुक्षीपर्यंत बसमधे उलट्या. उतरल्या की नळावर तोंड धुवायचं, पदर नीट करायचा, आणि मावशीच्या दारात जाऊन म्हणायचं, "मुराळी आलाय. चला." मावशीची पिशवी भरलेलीच असायची. मग दोघी परत. एक उलट्या करणार, दुसरी पाठ चोळणार. असा त्यांचा सण.

मग आईसाहेबांची कंबर आणि छाती दोन्ही संपावर गेल्या. बसता येईना. पाच-सहा वर्षं जाणं बंद. मी फोनवर मावशीला म्हणायचो, "टॅक्सी पाठवतो, तुम्हीच या." मावशी म्हणायची, "टॅक्सी काय मुराळी आहे?" विषय खतम.

तेवढ्यात माझी जुनी लोडिंग गाडी मेली. नवीन घ्यायची म्हटल्यावर मी पेट्रोलवाली पिकअप घेतली. अख्ख्या बाजाराने मला वेड्यात काढलं. "भिया, इसको पेट्रोल पिलाओगे तो खुद क्या पियोगे?" मी कोणाला सांगितलं नाही की धूर नको म्हणून घेतलीये. चाळीस वर्षं उलट्या करणाऱ्या बाईसाठी. असं सांगितलं असतं तर इज्जत गेली असती... आमची जी काही होती ती.

मग आमचा वेल्डर इकबाल भिया. त्याने मोबाईलवर दाखवलं, परदेशात लोक गाडीमागे घर ओढतात. कॅम्पर म्हणतात त्याला, मी डबाच म्हणतो. झोपायला बर्थ, शेगडी, पाणी, सगळं. मी म्हणालो, हेच पाहिजे. आईसाहेब आडव्या पडून कुक्षीला जातील. नकाशा मी काढला, म्हणजे समजून घ्या. पाण्याची टाकी, गॅस, शेगडी, सगळं मी मागच्या बाजूला घेतलं, कारण मागचं दार उघडलं की रसोई समोर. पुढे फक्त एक बर्थ. आईसाहेबांना रिक्षाने दुकानात आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, त्यांचं माप घेतलं. त्या म्हणाल्या, "खिडकी पुढे करा. मागचं बघत गेले की मला मळमळतं."

डबा तयार झाला. मी मावशीला फोन केला, "आठ दिवसांत आईसाहेबांना घेऊन येतो." मावशी फोनवर रडली.

मग मला वाटलं रंग बरोबर नाही. पिवळा दिला होता. गल्लीतून नेला की बायका कचऱ्याची बादली घेऊन बाहेर यायच्या. मग हिरवा दिला. मग पडदे पाहिजेत. मग पडदे छोटे झाले. दर वेळी मावशीला सांगायचो, बस, आठ दिवस. पाचव्या का सहाव्या आठ दिवसांत आईसाहेब गेल्या. आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, "तिला आण, बाबू." मी म्हणालो हो, आणि गेलो अंगणात. दुसऱ्या दिवशी बायकोने आतून हाक मारली तेव्हा मी डब्यात पडद्याला रिंगा लावत होतो.

मावशीला कळवलं. तिने विचारलं, तू कुठे होतास त्या वेळी? मला खोटं बोलायला पण अक्कल लागते ती नाही, खरं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाल्या का रिंगा लावून?" आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा फोन तिने उचलला नाही.

दिवाळी जवळ आली तेव्हा कुक्षीहून तिच्या शेजारणीचा फोन आला. मावशी न्हाणीत पडली होती, दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, नशीब. पण एकटीने राहायचे दिवस संपले होते. बायको म्हणाली, "जा, घेऊन या."

"ती नाही म्हणेल."

"मग तिथे जाऊन नाही ऐका. फोनवर तेवढं पण मिळत नाहीये तुम्हाला."

निघालो. एकटाच, पहाटे, पिकअपमागे डबा लावून. बायकोने पुढच्या बर्थवर धुतलेली चादर घातली, म्हणाली मावशींना आडवं होता येईल.

इंदूरच्या बाहेर रस्ता मोकळा मिळाला आणि डबा शेपूट हलवायला लागला. चाळीसच्या वर गेलो की डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... आणि त्याच्याबरोबर माझी नवी पिकअप पण. एक ट्रकवाला शेजारून ओरडला, "भिया, तुम पिये हो या पीछे वाला?" धारपर्यंत तीसच्या स्पीडने आलो. मागे गाड्यांची अशी लाईन की कोणाला वाटावं मंत्री आलाय.

धारजवळ एक धर्मकांटा दिसला, जिथे ट्रक तोलतात तो. तो चालवणाऱ्या काकांनी डब्याभोवती एक फेरी मारली. मग डबा सोडवायला लावला आणि त्याचं नुसतं पुढचं छोटं चाक कांट्यावर ठेवलं.

"बीस किलो," काका म्हणाले. "ये किसने बनाया?"

"मैंने."

"वो तो दिख रहा है. सब वजन पीछे भर दिया. आगे का हिस्सा गाड़ी के हुक को दबाना चाहिए, तुम्हारा तो बस छू रहा है. आगे चालीस किलो और डालो, नहीं तो टांडा के घाट में ये तुमको लेके नीचे जाएगा."

त्यांनीच दोन वीस-वीस लिटरचे पाण्याचे डबे दिले, येताना परत करा म्हणाले. पर्चीवर माझा नंबर लिहून घेतला. मी नळावर डबे भरले. भरून ठेवले आणि शेजारी पोहे खाल्ले. मग परत पोहे खाल्ले. मग पिकअपला कॅम्पर जोडला, काकांना हात केला आणि निघालो.

आणि भिया, काय सांगू! सुतासारखी सरळ. पन्नास, साठ, सत्तर... डबा जसा काही मागे नाहीच. राजगढला फाटा घेतला. टांड्याचा उतार आला तेव्हा देवाचं नाव घेतलं, पण त्या उतारावर पण तो शहाण्या माणसासारखा मागे मागे. एका वळणावर बकऱ्या आडव्या आल्या, मी ब्रेकवर उभाच राहिलो. डब्याने शेपूट हलवलं नाही. उलट मला वाटलं, मागून कोणी बेताने टेकल्यासारखं झालं. बस.

मी खूष. वाटेत एकटाच मावशीशी बोलण्याची तालीम करत होतो. तीन प्रकार तयार केले. एक रडून, एक हसवून, एक पाय धरून.

दुपारी कुक्षीला मावशीच्या दारात गाडी लावली. कडी वाजवली. आतून आवाज, "कोण?"

"मी बाबू."

"कोणता बाबू?"

तिन्ही प्रकार विसरलो. म्हणालो, "नालायक."

"मग ये," मावशी म्हणाली.

काठी टेकत आली, अर्धी झाली होती. माठाच्या तळातलं पाणी दिलं. बस म्हणाली नाही, मी बसलो. ती पण समोर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. मी म्हणालो, "मावशी, न्यायला आलोय."

"तू कोण न्यायला येणार? भाचा मुराळी नसतो."

"पण आईसाहेबांनी सांगितलं होतं..."

"तिला सांगायला लागलं हेच मला पुरे आहे. ती असती तर आली असती. चहा पी आणि उजेडात माघारी जा. मी इथे बरी आहे."

"न्हाणीत पडला होतात."

"तर? सगळेच कुठे ना कुठे पडतात. तू चौथीत पडलास, मी न्हाणीत पडले."

मला हसू आलं, तिला आलं नाही. मी बघितलं तर दाराशी कुठे पिशवी नव्हती. खुंट्यांवर सगळे कपडे तसेच. म्हणजे ही येणार नव्हती, आणि मी माघारी जाऊन बायकोला काय, आईसाहेबांच्या फोटोला तोंड कसं दाखवणार होतो...

मावशीच्या नळाला पाणी नव्हतं. चहाला पण शेजारून आणायला लागणार होतं. डब्याच्या टाकीतल्या पाण्याला रंगाचा वास येतो, ते प्यायचं नाही. मी म्हणालो, थांबा, माझ्याकडे चाळीस लिटर आहे, निदान तेवढं ठेवून जातो. बाहेर आलो. डब्याचं दार उघडलं.

बर्थ रिकामी. डबे नाहीत. बर्थखाली नाहीत. मागे शेगडीजवळ नाहीत. जमीन कोरडी. मी मूर्खासारखा पडदा उचलून बघितला, जसे काही डबे पडद्यामागे लपतील.

खिशात फोन वाजला. धर्मकांट्याचे काका.

"भिया, पहुंच गए? कबसे लगा रहा हूं, घाट में लगता नहीं. तुम्हारे पानी के डिब्बे तो यहीं नल के पास भरे रखे हैं!"

"जी."

"तो आगे क्या रखा था?"

"कुछ नहीं."

काका म्हणाले, "मजाक मत करो. खाली तो तुम सरदारपुर भी नहीं पहुंचते."

मी डब्याच्या पायरीवर बसलो.  मी असा माणूस आहे की मयताला पण एखादा विनोद करून बसतो... तिथे बसून पडद्याच्या रिंगा मोजायला लागलो.

मावशी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली. "पाणी आणतोयस का विहीर खणतोयस?" मग माझं तोंड बघितलं. "काय रे? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. शेपूट, कांटा, वीस किलो, चाळीस किलो, पोहे. घाट, बकऱ्या. डबे धारलाच राहिले ते. मला वाटलं म्हणेल, नाटक करू नकोस. तिने एवढंच विचारलं, "अक्काचं वजन किती होतं रे शेवटी?"

दवाखान्याची चिठ्ठी मला पाठ होती. "एकेचाळीस."

"एकेचाळीस?" मावशी म्हणाली. "अरे, पोर झाली होती की माझी अक्का."

मग काठी माझ्या हातात दिली. म्हणाली, वर घे मला. त्या गुडघ्यांनी ती तीन पायऱ्या चढली. प्रत्येक पायरीला थांबून. बर्थसमोर उभी राहिली. चादरीवर हात फिरवला, अगदी सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मला काही खास दिसलं नाही. चादर जराशी चुरगळली होती, घाटातून आलेली गाडी, चुरगळणारच.

"पाय वर घेऊन बसली असेल," मावशी म्हणाली. "गाडीत पाय वर घेतल्याशिवाय तिला बरं वाटत नाही." मग खिडकीतून पुढे बघितलं. "उलटी नाही झाली वाटतं."

"पेट्रोलची गाडी आहे, मावशी. धूर नाही."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत. "तिच्यासाठी घेतलीस?"

मी मान हलवली. आणि मग मी रडलो. तालमीत जसं बसवलं होतं तसं नाही, नाक वाहून, वासरू हंबरतं तसं. मावशीने पाठ चोळली. मोठ्या सरावाचा हात होता तिचा.

खाली उतरली आणि घरात गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मी गेलो तर रवा भाजत होती.

"मावशी, काय करता?"

"मुराळ्याला गोड खाऊ घातल्याशिवाय निघायचं नसतं. शेजारून तांब्याभर पाणी आण. आणि ती खुंटीवरची लुगडी काढ. नीट घड्या घाल, तुझ्या पडद्यांसारखं नको."

शिऱ्याची पहिली वाटी तिने मला डब्यात नेऊन ठेवायला लावली, बर्थवर. मी विचारलं, माझी वाटी? म्हणाली, "तू गाडी हाकणारा. तुला मागून." कढईतलं खरवडून दिलं मला. असा शिरा मी परत खाल्ला नाही.

येताना मावशी डब्यातच आडवी झाली. आत माणूस बसवायची परवानगी नसते, पोलिसांनी एवढं सोडून वाचावं. पुढच्या बर्थवर जागा होती तरी ती भिंतीला चिकटून झोपली, दुसऱ्या बाजूला जागा सोडून. डबा सरळ चालला. येताना त्याला कारण होतं, वर माणूस होतं.

जातानाचं कारण मला आजपर्यंत मिळालं नाही. इकबाल भियाने नंतर डबा रिकामा करून बायपासवर ओढून बघितला. पंचेचाळीसला असा नाचला की त्याने कलमा वाचला. टाकीतलं पाणी संपून मागचं वजन कमी झालं असेल म्हणावं, तर टाकी घरी आली ती पण काठोकाठ. हवा, रस्ता, टायर, सगळं विचारून झालं. कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांना विचारलं. त्यांनी कागदावर बाण काढले, मोठे, छोटे, आणि शेवटी म्हणाले, "आपको ठीक से याद नहीं होगा." असेल बुवा. मला चौथीतलं पण काही याद नाही. पण तो उतार याद आहे.

मावशी आता आमच्याकडेच असते. या विषयावर ती बोलत नाही, मी काढला तर म्हणते, "त्यात काय एवढं? दिवाळी होती."

त्या दिवशीचं शेवटचं तेवढं सांगतो. दिवे लागायच्या वेळी देवासला पोचलो. बायको दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. बाहेरून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, मग आत घेतात. तिला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मावशी येतायत. बाकी कशाचा एक शब्द नाही, आईसाहेबांची शपथ.

मावशीला खाली उतरवलं. बायकोने तुकडा ओवाळला, मावशीच्या पायावर पाणी घातलं, आणि तांब्या खाली ठेवायला लागली. मावशी दारातून हलली नाही. जरा बाजूला सरकली, शेजारी एक माणूस उभं राहील एवढी, आणि म्हणाली, "सूनबाई, अजून थोडं घाल. आम्ही दोघी आलोय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी विनोद करेन म्हणून वाट बघितली. मग वाकली, आणि त्या रिकाम्या फरशीवर, सावकाश, राहिलेलं सगळं पाणी घातलं.